विश्लेषण : जुनी पेट्रोल पिकअप ऐन हंगामात धक्के का मारते? कार्बोरेटर बदलावा की खोलून दुरुस्त करावा?

हळदीची पोती लादलेली जुनी पेट्रोल जीप-पिकअप शेतातून निघते, चढाला दम सोडते आणि रेस दिली की फटफट आवाज करून बंद पडते. गॅरेजमध्ये पहिला दोष कार्बोरेटरला दिला जातो आणि बऱ्याचदा पहिला सल्ला असतो, ‘नवा टाका’. प्रत्यक्षात बिघाड अनेकदा दुसरीकडेच असतो. कार्बोरेटरमध्ये असला तरी साफसफाई, काही रबरी भाग आणि एक छोटी सुई बदलून तो निघू शकतो. त्यातच आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरकडे नव्याने पाहण्याची गरज निर्माण झाली आहे. बिघाड कसा ओळखायचा, कार्बोरेटर कसा खोलायचा आणि कधी त्याच्या नादी लागू नये, याविषयी...

वसमतमध्ये हा प्रश्न महत्त्वाचा का?

हिंगोली जिल्ह्यातील वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ. येथील हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हळद संशोधन केंद्रही याच शहरात आहे. मे-जूनमध्ये लावलेली हळद जानेवारी ते मार्चदरम्यान निघते. ती शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे झाले की माल बाजाराकडे निघतो. म्हणजे गाडीवर सगळ्यात जास्त भार येतो तो मार्च ते मे या महिन्यांत, मराठवाड्याच्या सर्वांत कडक उन्हात. उरलेल्या काळात हीच गाडी अनेकदा आठवडेच्या आठवडे गोठ्याशेजारी उभी असते.

लांब विश्रांती आणि मग अचानक उन्हात, धुळीत, भरल्या मालासह धावपळ, हा कार्बोरेटरसाठी सर्वांत वाईट क्रम. गाडी अशा वेळी अडली की भाड्याची गाडी शोधावी लागते, त्या दिवशीचा सौदा चुकतो. घाईघाईत चुकीचा भाग बदलला तर तो खर्च वेगळाच आणि बिघाड कायम. म्हणूनच आधी निदान, मग पाना, हा क्रम पाळणे पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.

कार्बोरेटर कोणत्या गाड्यांत असतो?

हा प्रश्न आधी निकाली काढलेला बरा, कारण आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पिकअप डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनात कार्बोरेटर नसतोच. तेथे पंप आणि नोझल असतात. त्यांची लक्षणे आणि दुरुस्ती पूर्णपणे वेगळी आहे.

कार्बोरेटर सापडतो तो जुन्या पेट्रोल गाड्यांत. महिंद्रने स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि १९६५ मध्ये एफसी-१५० हे पेट्रोल वाहन मालवाहतुकीसाठी आणले. सीजे-३बी जीपमधील सुमारे २.२ लिटरचे चार सिलिंडरचे ‘हरिकेन’ इंजिन कार्बोरेटरवरच चालायचे. अशा अनेक जीपची मागची बॉडी नंतर मालासाठी पिकअपसारखी करून घेतली गेली. १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन म्हणजे पुढची ओम्नी आणि १९८५ ची जिप्सी यांच्या सुरुवातीच्या गाड्याही याच प्रकारातल्या. पुढे प्रदूषणाचे निकष कडक झाले आणि पेट्रोल गाड्यांत इंजेक्शन प्रणाली आली.

वसमत तालुका १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होता. त्यामुळे त्याआधी परभणीत नोंदलेल्या गाडीचा क्रमांक एमएच-३८ ऐवजी एमएच-२२ ने सुरू होणारा असू शकतो. अशी पेट्रोल गाडी दारात असेल तर तिला कार्बोरेटर असण्याची शक्यता मोठी.

हे यंत्र नेमके काय करते?

पेट्रोल जळण्यासाठी ते हवेत ठरावीक प्रमाणात मिसळावे लागते. शुद्ध पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असे असते. हे मिश्रण करणारे यंत्र म्हणजे कार्बोरेटर. पेट्रोलची पातळी फ्लोटने सांभाळणारा आणि जेटमधून फवारा देणारा कार्बोरेटर जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये पुढे आणला. तत्त्व आजही तेच आहे.

इंजिन हवा खेचते. कार्बोरेटरच्या गळ्याजवळ वाट अरुंद होते, तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे वाटीतले पेट्रोल बारीक छिद्राच्या जेटमधून वर ओढले जाते. संडासच्या टाकीत जसा चेंडू पाणी थांबवतो, तसा वाटीतला फ्लोट वर येऊन सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. गाडी स्लोवर असताना वेगळा बारीक जेट काम करतो. अचानक रेस दिली की एक छोटा पंप जादा पेट्रोलची पिचकारी मारतो. थंड इंजिनासाठी चोक हवेची वाट अडवून मिश्रण दाट करतो. म्हणजे एकाच डब्यात पाच-सहा कामे आहेत आणि कोणते काम बिघडले आहे ते गाडीच्या वागण्यावरून बरेचसे कळते.

कोणत्या लक्षणावरून काय समजावे?

• सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो : चोक पूर्ण बंद होत नाही किंवा वाटीतले पेट्रोल उडून गेले आहे.

• सुरू होते, पण स्लोवर उभी राहत नाही : स्लो जेट तुंबला आहे किंवा कार्बोरेटरच्या तळाच्या पॅकिंगमधून हवा शिरते आहे.

• रेस देताच क्षणभर गप्प होते, मग उचल घेते : रेसच्या पंपाचा पडदा किंवा वॉशर गेला आहे.

• सपाटीला ठीक, पण भरल्या मालासह चढावर दम सोडते : मेन जेट किंवा फिल्टर तुंबला आहे, फ्लोटची पातळी खाली आहे किंवा पेट्रोल पंप कमजोर झाला आहे.

• काळा धूर, पेट्रोलचा वास, कार्बोरेटर बाहेरून ओला : सुई बसत नाही, फ्लोटला भोक पडले आहे किंवा चोक अडकला आहे. ओला कार्बोरेटर हा आगीचा धोका आहे. अशी गाडी पुढे रेटू नये.

• गरम झाल्यावर बंद, अर्ध्या तासाने आपोआप सुरू : नळीत पेट्रोलची वाफ अडते आहे किंवा इग्निशनची कॉइल, कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आहे.

शेवटच्या लक्षणाकडे उन्हाळ्यात विशेष लक्ष द्यावे. पारा चाळिशीपार असताना इंजिनाजवळची पेट्रोल नळी आणि पंप तापतात, पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. पंपावर आणि नळीवर ओले फडके गुंडाळल्यावर गाडी सुरू झाली तर दोष वाफेचा आहे, कार्बोरेटरचा नाही. मात्र तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, त्याने धातूला तडा जाऊ शकतो. नळी सायलेन्सरच्या बाजूने जात असेल तर तिची वाट बदलणे आणि कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक जाड तुकडा पूर्वी कोणी काढून टाकला असेल तर तो परत बसवणे, हा त्यावरचा खरा उपाय.

खोलण्याआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

पुढच्या पाच तपासण्यांना साधारण अर्धा तास लागतो आणि त्यात महागडे साधन लागत नाही.

एक, पेट्रोल पाहणे. फिल्टरच्या वाटीतून किंवा नळीतून थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा गंजाचे कण दिसले तर दोष टाकीत आहे. टाकी साफ न करता कार्बोरेटर कितीही वेळा धुतला तरी आठवड्यात तो पुन्हा तुंबणार.

दोन, पंपाची डिलिव्हरी. कॉइलची बारीक वायर काढून ठिणगी बंद करावी, कार्बोरेटरकडची नळी सोडून बाटलीत धरावी आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. प्रत्येक ठोक्याला जोरदार धार यायला हवी. धार बारीक असेल किंवा बुडबुडे येत असतील तर पंप, फिल्टर किंवा फाटलेली नळी तपासावी. गॅरेजमध्ये ‘एसी पंप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यांत्रिक पंपातही रबरी पडदा असतो आणि तोही वयाने फाटतो.

तीन, गळ्यात डोकावणे. इंजिन बंद असताना एअर फिल्टर काढावा, वरून पाहत हाताने रेसची दांडी झटकन ओढावी. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर वाटीत पेट्रोल आहे आणि रेसचा पंप चालतो आहे. पिचकारी नसेल तर दोघांपैकी एक गोष्ट बिघडली आहे. ही तपासणी करताना तोंड कार्बोरेटरच्या अगदी वर नेऊ नये.

चार, ठिणगी आणि प्लग. जुन्या जीपमध्ये पॉइंट आणि कंडेन्सर असतात. हरिकेन इंजिनासाठी पॉइंटची फट सुमारे ०.५ मिलिमीटर आणि प्लगची फट सुमारे ०.७५ मिलिमीटर ठेवली जाते. पॉइंट जळाले असतील तर गाडीला होणारे मिसिंग हुबेहूब कार्बोरेटरच्या बिघाडासारखे वाटते. प्लगचा रंगही बोलतो. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरके टोक म्हणजे पेट्रोल कमी, फिकट तपकिरी म्हणजे मिश्रण योग्य. एकच प्लग ओला आणि बाकी ठीक असतील तर दोष त्या प्लगचा किंवा त्याच्या वायरचा. कार्बोरेटर चारही सिलिंडरना एकच मिश्रण देतो.

पाच, चोकची कसोटी. इंजिन गरम करून चालू ठेवावे आणि चोक थोडा ओढावा. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे जेट तुंबला आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. गाडी आणखी बिघडली तर मिश्रण आधीच दाट आहे, म्हणजे सुई, फ्लोट किंवा तुंबलेला एअर फिल्टर पाहावा. हवा शिरण्याची शंका असल्यास तळाच्या सांध्यावर साबणाचे पाणी थोडे शिंपडावे. स्लोचा आवाज बदलला की गळती तेथेच. यासाठी पेट्रोल शिंपडण्याची काही ठिकाणची पद्धत अत्यंत धोकादायक आहे.

या पाचांतून गाडी सुटली नाही आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन ठीक असेल, तरच कार्बोरेटर काढावा.

ई-२० पेट्रोलमुळे काय बदलले?

ऊस पिकवणाऱ्या या पट्ट्याला इथेनॉल नवीन नाही. उसाची मळी, रस आणि धान्यापासून बनणारे हे इंधन पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळले की ते ई-२० होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर त्याची विक्री सुरू झाली. २० टक्के मिश्रणाचे २०३० साठीचे उद्दिष्ट आधीच २०२५ वर आणले गेले होते आणि ते गाठलेही गेले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्यावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे जुन्या गाडीलाही हेच पेट्रोल पचवावे लागणार, हे गृहीत धरून चालणे शहाणपणाचे.

फरक तीन प्रकारे पडतो. पहिला, मिश्रण पातळ होते. इथेनॉलला जळायला सुमारे ९ भागच हवा लागते, त्यामुळे ई-२० साठी योग्य प्रमाण १४.७ ऐवजी साधारण १३.५ वर येते. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हे बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. कार्बोरेटरचा जेट मात्र ठरलेल्या मापाचा असतो. जी गाडी आधीच थोडी पातळ चालत होती ती आता धक्के मारू लागते.

दुसरा फरक मायलेजचा. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. त्यामुळे मायलेज थोडे उतरले म्हणून लगेच कार्बोरेटरवर संशय घेऊ नये.

तिसरा आणि जुन्या गाडीसाठी सर्वांत महत्त्वाचा फरक रबराचा. जुन्या नळ्या, पंपाचे पडदे आणि वॉशर इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात किंवा वाळल्यावर चिरतात. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गास्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे स्पष्ट केले होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळही इथेनॉलने सुटून जेटपर्यंत येतो.

खोलताना कोणती काळजी घ्यावी?

काम मोकळ्या हवेत आणि थंड इंजिनावर करावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि काही फुटांवरच्या बिडीपर्यंत किंवा चुलीपर्यंत पोहोचते. जवळ अग्निशामक नळकांडे किंवा निदान कोरड्या वाळूची बादली हवी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये.

दुसरी काळजी स्मरणाची. मोबाइलचा खरा उपयोग येथे होतो. प्रत्येक नळी, स्प्रिंग आणि दांडी सोडण्याआधी दोन बाजूंनी फोटो काढावा. स्लोच्या मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच शेवटपर्यंत आत फिरवून किती आटे फिरला ते लिहून ठेवावे. जोर देऊन घट्ट केला तर त्याचे टोक चेपते आणि पुढे स्लो कधीच नीट बसत नाही. सुटे भाग कडा असलेल्या ताटात, काढले त्या क्रमाने ठेवावेत. आतली एक छोटी गोळी किंवा स्प्रिंग मातीत पडली तर काम तेथेच थांबते. कार्बोरेटर काढल्यावर इंजिनाच्या उघड्या तोंडावर स्वच्छ फडके लावायला विसरू नये.

आत काय पाहायचे, काय बदलायचे?

फ्लोट : कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले तर भोक आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात. आत पेट्रोल असलेल्या फ्लोटला डाग द्यायला जाणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. शिवाय डागाच्या वजनाने पातळी बदलते. फ्लोट बदललेलाच बरा.

सुई आणि तिची बैठक : सुईच्या टोकावर झिजून गोल खाच पडली असेल तर ओव्हरफ्लोचे कारण सापडले. सुई आणि बैठक जोडीने बदलावी. जुन्या बैठकीवर नवी सुई फार काळ टिकत नाही.

जेट : सगळ्यात जास्त चुका येथे होतात. जेटमध्ये टाचणी किंवा तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. सोलेक्स प्रकारच्या जेटवर कोरलेला आकडा छिद्राचे माप सांगतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. यावरून मिलिमीटरच्या शंभराव्या भागालाही किती महत्त्व आहे ते कळते. जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवून हवा मारावी आणि उजेडाकडे धरून छिद्र गोल व स्वच्छ दिसते का ते पाहावे.

बॉडी : सगळे रबर काढल्यावरच क्लीनर वापरावा. प्रत्येक वाटेत दोन्ही बाजूंनी हवा मारावी आणि डोळ्यांवर चश्मा ठेवावा. स्क्रू अति घट्ट केल्याने तळाची कड वाकडी झाली आहे का, हे सपाट काचेवर ठेवून कळते. किंचित वाकलेली कड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हळूहळू घासून सपाट करता येते.

रेसच्या पंपाचा पडदा, वॉशर, पॅकिंग : हे सगळे किटमध्ये येतात आणि जुने पुन्हा वापरू नयेत. किट घेताना ते ई-२० ला चालणारे आहे का, हे आवर्जून विचारावे. बाजारात व्हिटॉन नावाने मिळणारे रबर इथेनॉलला चांगले तोंड देते. त्याच वेळी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबरी नळ्याही त्याच दर्जाच्या घालाव्यात. नवे किट आणि जुनी कुजकी नळी ही जोडी फार दिवस चालत नाही.

जोडणी आणि ट्यूनिंग कसे करावे?

पॅकिंगला शेलॅक किंवा सिलिकॉन लावू नये. जास्तीचा चिकट पदार्थ सुटून थेट जेटमध्ये जातो. फ्लोटची पातळी त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे मोजून घ्यावी. फेरबदल करायचा तर सुईला टेकणारी छोटी पट्टी हलकेच वाकवावी, फ्लोट दाबू नये. पातळी वर राहिली तर ओव्हरफ्लो, खाली राहिली तर चढावर दम सुटणार. तळाचे नट आलटून पालटून थोडे थोडे घट्ट करावेत. जुन्या टाकीच्या गाडीत कार्बोरेटरआधी एक छोटा फिल्टर असावा.

पहिल्यांदा सुरू करताना नळीच्या सांध्यांवर दोन मिनिटे नजर ठेवावी. ओलसरपणा दिसला तर लगेच बंद. नंतर इंजिन पूर्ण गरम करून चोक उघडा असल्याची खात्री करावी. मिश्रणाचा स्क्रू शेवटपासून साधारण दीड आटा बाहेर ठेवून सुरुवात करावी. तो आत फिरवत न्यावा, इंजिन अडखळू लागले की थांबून आवाज पुन्हा गुळगुळीत होईपर्यंत बाहेर घ्यावा. मग स्लोचा स्क्रू लावावा. एक बदलला की दुसरा थोडा बदलतो, म्हणून हे दोन-तीनदा करावे लागते.

शेवटची परीक्षा रस्त्यावर, तीही थोडा माल भरून. दहा-पंधरा किलोमीटरनंतर प्लग काढून रंग पाहावा. सगळे नीट असूनही ई-२० वर प्लग पांढरेच राहिले आणि चढावर धक्के कायम असतील, तर जाणत्या मिस्त्रीकडून मेन जेट एका मापाने मोठा करून पाहता येतो. जुना जेट मात्र जपून ठेवावा.

कार्बोरेटर नवा कधी घ्यावा?

थ्रॉटलची दांडी जेथून बॉडीत जाते तेथे ती हाताने हलवून पाहावी. स्पष्ट खेळ लागत असेल तर त्या फटीतून हवा शिरते आणि कोणतेही किट हा दोष काढू शकत नाही. लेथवर नवे बुश घालून घेता आले तर ठीक, नाही तर नवा घ्यावा. बॉडीला तडा, आटे गेलेली भोके, खूप वाकलेली कड, हीदेखील बदलण्याची कारणे आहेत.

एरवी हिशेब सोपा आहे. किट काहीशे रुपयांत येते, नवा कार्बोरेटर काही हजारांत. स्वस्त नकली कार्बोरेटरमधले जेट मूळ इंजिनाच्या मापाचे असतीलच असे नाही. नवा घ्यावाच लागला तर जुना गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. त्याचे जेट आणि फ्लोट पुढे उपयोगी पडतात.

हंगामानंतर गाडी उभी ठेवताना काय करावे?

बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा येथेच होते. वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहणारा चिकट थर स्लो जेट बंद करतो. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या दमट हवेचे पाणी होते आणि इथेनॉल ते शोषून घेते. त्यामुळे दोन-तीन महिने गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे वाटी रिकामी होते. कॉक नसेल तर तो बसवून घ्यावा. टाकी बरीचशी भरलेली आणि झाकण घट्ट असावे. त्याहून जास्त काळ गाडी उभी राहिली तर पुढच्या हंगामाआधी जुने पेट्रोल काढून टाकणे चांगले.

काम झाल्यावर पीयूसी करून घेणे हे केवळ कागदासाठी नाही. भारत स्टेज निकषांच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. पहिला आकडा जास्त आला तर मिश्रण दाट आहे. पहिला कमी आणि दुसरा जास्त असेल तर मिश्रण फार पातळ आहे किंवा ठिणगी चुकते आहे. म्हणजे ट्यूनिंग जमले की नाही, हे ती पावतीच सांगते. जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला जावे लागते, तेव्हाही हीच पावती लागते. हे सगळे मार्चमध्ये गाडी अडल्यावर करण्यापेक्षा डिसेंबरात, हळद निघण्याआधीच्या मोकळ्या आठवड्यात केले तर एक दिवस जातो, हंगाम वाचतो.